खेड्यातल्या मुलांना इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवायची की परकीय म्हणून?

गोदाकाठ
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे: आमच्या मुलांना इंग्रजी परकीय भाषा समजूनच शिकवली पाहिजे. दुसरी भाषा वर्गाबाहेरही कानावर पडते, दुकानात, ऑफिसात तिची गरज लागते. परकीय भाषा वर्गात सुरू होते आणि घंटा झाली की संपते. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. पहिल्यात ब्रिटन-अमेरिका, दुसऱ्यात भारतासारखे देश, तिसऱ्यात जपान-चीनसारखे. देश म्हणून आपण दुसऱ्या वर्तुळात असू, पण आमची ग्रामसभा मराठीत, सातबारा मराठीत, उधारीची वहीसुद्धा मराठीत. आमचं गाव तिसऱ्या वर्तुळात आहे.

परवा सहावीतल्या एका मुलीने 'द फार्मर वेंट टु द मार्केट' खडाखडा वाचलं. फार्मर म्हणजे कोण, विचारलं तर गप्प. वडील शेतकरी आहेत तिचे! पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला, अर्थ एकाचाही नाही. असं वाचन वर्षानुवर्षं 'येतं' म्हणून वरच्या वर्गात ढकललं जातं.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याला माझा विरोध नाही. पण वर्गात मराठी शक्यतो नकोच, असा जो आग्रह धरला जातो, तो शहरातल्या घरात इंग्रजी ऐकणाऱ्या मुलासाठी ठीक आहे. आमच्याकडे आधी मराठीतून अर्थ, मग मोजके शब्द, आणि तेच शब्द महिनाभर फिरवून फिरवून बोलायला लावणं, हाच मार्ग आहे.

काळाकोट
सर, तुमची कळकळ पोचली, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. परकीय भाषा म्हणजे जर्मन, फ्रेंच. ती आली नाही म्हणून कुणाचं अडत नाही. इंग्रजीचं तसं आहे का? तालुका न्यायालयात कामकाज मराठीत चालतं, पण अपील उच्च न्यायालयात गेलं की कागद इंग्रजीत. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानेच तशी तरतूद आहे. माझ्याकडे येणारे पक्षकार स्वतःच्याच जमिनीचा निकाल हातात घेऊन विचारतात, "साहेब, आपण जिंकलो का हरलो?" ज्या भाषेत आपल्या बांधाचा निकाल लागतो ती भाषा परकी म्हणायची? मुलांना ती परकी म्हणून शिकवलीत की अपेक्षाही तेवढीच ठेवाल, पास होण्यापुरती.

सायली_उट्रेक्ट
दोन्ही दादांना एक सांगते. मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे इंग्रजी कागदोपत्री परकीय भाषाच आहे. प्राथमिक शाळेत ती १९८६ पासून सक्तीची झाली, तीही शेवटच्या इयत्तांत. तरी इथला बसचालकसुद्धा अस्खलित इंग्रजी बोलतो. कारण लहान मुलांचे सोडले तर परदेशी सिनेमे, मालिका इथे सहसा डब होत नाहीत, खाली डच अक्षरं येतात आणि कानावर मूळ इंग्रजी पडत राहतं. शिवाय डच आणि इंग्रजी एकाच जर्मॅनिक शाखेतल्या, अगदी जवळच्या भाषा, ही सवलत आपल्या मुलांना नाही. म्हणून पाटी कोणती लावता त्यापेक्षा रोज किती तास इंग्रजी कानावर पडतं, ते बघा.

गोदाकाठ
ताई, हेच तर म्हणतोय! ते तास आमच्याकडे नाहीत. दिवसाला एक तासिका, तीही कधी पोषण आहाराच्या नोंदीत, कधी सर्वेक्षणात जाते.

काळाकोटसाहेब, पक्षकाराचं दुःख खरं आहे. पण त्याला निकाल मराठीत मिळाला पाहिजे, ही मागणी आधी. आणि अपेक्षा कमी ठेवा असं मी कुठे म्हटलं? माझी मुलं पाचशे शब्द खरे वापरतील, वाक्य स्वतःचं बनवतील. आज दहावीला पाठ केलेलं पत्र आणि पाठ केलेला निबंध लिहून पास होतात. बोर्ड आमच्या माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीला तृतीय भाषा म्हणतं आणि पेपरही वेगळा काढतं. म्हणजे फरक बोर्डाला ठाऊक आहे, मग शिकवण्याच्या पद्धतीत तो का उतरत नाही?

मधलीसुट्टी
मी मराठी माध्यमातून शिकले, आता नर्सिंगला आहे. गोदाकाठ सर, तुमच्यासारखे शिक्षक मला हवे होते, तरी मी वकीलसाहेबांच्या बाजूने आहे. नीटचा पेपर मराठीत देता येतो, पण पुढे आमची पुस्तकं इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत. पहिल्या वर्षी व्याख्यान चालू असताना मी फक्त स्पेलिंगं उतरवून घ्यायचे आणि रात्री खोलीवर अर्थ शोधायचे. मला शब्द कमी पडले नाहीत. ऐकून समजायची सवय नव्हती. ती पाचशे शब्दांनी लागत नाही, रोज इंग्रजीतून काहीतरी शिकल्यानेच लागते.

काळाकोट
म्हणूनच सेमी इंग्रजी हवं. गणित-विज्ञान इंग्रजीतून झालं की ऐकण्याचे तास आपोआप वाढतात.

गोदाकाठ
विज्ञान शिकवणाऱ्यालाच इंग्रजीतून बोलणं जमत नसेल तर मुलाचं विज्ञानही जातं आणि इंग्रजीही. मी असे वर्ग पाहिलेत. इंग्रजी धडा वाचायचा, मराठीत समजवायचा, उत्तर फळ्यावरून उतरवायचं. ऐकण्याचे तास कुठे वाढले?

मधलीसुट्टी, तुझा मुद्दा मात्र मला लागला. उद्यापासून तासिकेतली दहा मिनिटं फक्त ऐकण्याला देतो. पुस्तक बंद, गोष्ट इंग्रजीत, पण अर्थ आधी मराठीत सांगूनच.

मधलीसुट्टी
सर, अर्थ आधी नको. गोष्ट दोनदा ऐकवा, मुलांना अंदाज बांधू द्या, मग सांगा. अर्थ आधी कळला की कान बंद होतात, माझे तरी व्हायचे.