अनुभव धागा: मालिकेतलं वाईट पात्र सुधारताना

घोडबंदर रोडच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत रोज मालिकांचं चित्रीकरण चालतं. तिथे काम करणाऱ्यांसाठी हा धागा. चार-पाचशे भाग कारस्थानं केलेली जाऊ सुधारायची ठरली की नेमकं काय करावं लागतं? किस्से नकोत, कामाचं लिहा.

पटकथा, माजिवडा
आधी जुने भाग काढून पापांची यादी करायची. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने: नुकसान कोणाचं, ते भरून निघेल का, घरात कोणाला ठाऊक आहे. दागिने, घराचे कागद, चोरीचा खोटा आळ, हे निस्तरता येतं. गरोदर बाईला जिन्यावरून ढकललेलं निस्तरता येत नाही. हे पात्र पुढे लागणार असेल तर तिला ढकलायला लावूच नका. पायरीवर सांडलेलं तेल दिसूनही ती गप्प बसली, एवढं पुरतं. गप्प बसण्याची कबुली देता येते.

तिसऱ्या रकान्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जे फक्त प्रेक्षकाला माहीत आहे ते घरात उघड झाल्याशिवाय माफी पटत नाही.

सुधारायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे आठवड्याला सहा भाग धरले तर ३६ ते ४८ भाग हवेत. आधी तिच्या डावाचा फटका तिच्याच माणसाला बसतो. मग कोणी बघत नसताना ती एक काम करते, ज्यात तिचं स्वतःचं काहीतरी जातं. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मध्यावर ती एकदा घसरते. मग कबुली आणि शिक्षा. गुरुवारी बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे (टीआरपी) येतात, ते पडले की वाहिनी हा ट्रॅक, म्हणजे सुधारण्याचं कथानक, आवरायला सांगते. कापायचंच तर अविश्वासाचे भाग कापा, घसरण ठेवा. ती गेली की सुधारणा चमत्कारासारखी वाटते.

संवाद, कोलशेत
कबुलीत ‘पण’ आला की प्रसंग गेला. ‘मी चुकले, पण मलाही कोणी समजून घेतलं नाही’ यातले पहिले दोनच शब्द ठेवा आणि पुढे केलेलं सांगा: ‘कपाटातले कागद मी काढले. सही मी केली. आळ तुझ्यावर येऊ दिला.’

आजवर मोठ्या जावेला नावाने हाक मारणारी त्याच प्रसंगात ‘ताई’ म्हणायला लागली तर खोटं वाटतं. दहा-बारा भागांनी, स्वयंपाकघरात, सहज येऊ द्या: ‘ताई, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?’ ताईने चमकून बघायचं नाही, ‘तीन’ एवढंच म्हणायचं.

संकलन, वाशी
तिची खलनायकी धून पहिल्या दिवशी काढू नका. बरेच प्रेक्षक काम करता करता मालिका ऐकत असतात. पहिल्या चांगल्या कामावरही तीच धून ठेवली की संशय टिकतो. नंतर तिच्यातला ताल काढा, घसरणीला एकदा पूर्ण वाजवा, कबुलीला पार्श्वसंगीत नको. उत्तर येण्याआधी जिच्यावर अन्याय झाला तिच्या चेहऱ्यावर चार-पाच सेकंद थांबा.

फ्लॅशबॅकला मूळ फूटेजच वापरा. नव्याने चित्रित केलं की गुन्हा नकळत सौम्य होतो.

वेशभूषा, वाघबीळ
रातोरात सुती साडी आणि बारीक टिकली नको. आधी काजळ हलकं, मग दागिने, साड्या सगळ्यात शेवटी. भाग क्रमाने चित्रित होत नाहीत, त्यामुळे भाग आणि सीन क्रमांक टाकून प्रत्येक लूकचा फोटो ठेवा. नाहीतर सुधारलेली टिकली कबुलीच्या आधीच्या सीनमध्ये दिसते.

पटकथा, माजिवडा
संकलनाला जोडून: कलाकार बदलला तर फ्लॅशबॅकची सोय जाते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये (२०१६–२१) शनाया ही खलनायिका आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, पुन्हा रसिका सुनील अशी बदलली. अशा वेळी जुना गुन्हा नव्या कलाकाराच्या तोंडून, एका ठरावीक वस्तूच्या आधारे लवकर बोलून घ्यावा.

सहायक दिग्दर्शन, कासारवडवली
कबुलीला दोघीही समोरासमोर हव्यात. तारखा जुळत नाहीत म्हणून पाठमोरी बदली बाई उभी करून भागवलं की ऐकणारीचा चेहरा दुसऱ्याच दिवशीचा येतो आणि नजर कुठेच मिळत नाही. हा सीन शिफ्टच्या सुरुवातीला लावू नका, मीरा रोडकडून येणारे गायमुखला वाहतुकीत अडकतात. जेवणानंतर लावा, आणि आधी ऐकणारीचे क्लोजअप घ्या, बोलणारीचे नंतर. ग्लिसरीन फक्त बोलणारीला.