जीटीए व्हाइस सिटी या गेममधला रेडिओ बाहेर कसा काढायचा?

नौपाड्यातला: जुनी सीडी अजून चालते, पण ऑडिओ फोल्डरमधल्या .एडीएफ फाइली व्हीएलसी प्लेअर उघडतच नाही. नाव बदलून .एमपी३ केलं तरी ढिम्म. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ऐकायचाय हो, दुसरं करणार काय तिथे?

कोपरखैरणेकर: अरे, त्या एमपी३च आहेत, बुरखा घातलेल्या. प्रत्येक बाइट हेक्स (सोळाच्या पायावरच्या) २२शी, म्हणजे आपल्या नेहमीच्या ३४शी, एक्सऑर केलाय, म्हणजे दोघांचे बिट जुळतात तिथे ०, नाहीतर १. पुन्हा तेच कर, मूळ फाइल हजर. पायथनमध्ये दोन-चार ओळी. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, २२ २२ २२ अशी रांग दिसली तर समज, तिथे मुळात शून्यं होती.

नौपाड्यातला: वाजलं! जाहिरातींसकट अख्खं स्टेशन एकाच फाइलीत. आणि व्हिडिओ?

कळव्याची ताई: मूव्हीज फोल्डर बघ, साधे एमपीजी आहेत. दुसऱ्या गेममध्ये .बिक व्हिडिओ फाइल दिसली तर एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलायचं साधन लाव. गाणी यूट्यूबवर मात्र चढवू नकोस बाबा, हक्कवाले लगेच येतात.