प्रतिसाद: डिस्चार्ज बुकात 'ऑप विजय'ची नोंद राहिलीय

दादा, वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) १९९९ ची कारगिलची तैनाती आणि 'ऑप विजय' (ऑपरेशन विजय, म्हणजे कारगिलची मोहीम) पदक चढलेलं नाही, ते कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच दुरुस्त होईल, असं वर कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. तिथं अर्ज लिहायला मदत होते, पुढं पाठवतात. नोंद बदलायची ती रेकॉर्ड ऑफिसनंच, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयानं. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असतील तर ते ऑफिस बेळगावला. अर्जात आर्मी नंबर, युनिट, तैनातीचा काळ द्या. पार्ट टू ऑर्डरचा (जवानाच्या सेवेतल्या घडामोडींची नोंद करणारा लष्करी आदेश) नंबर नि तारीख सापडली तर सोन्याहून पिवळं! मूळ बुक मात्र पोस्टात टाकू नका, साक्षांकित झेरॉक्सच जोडा. आमच्या मामांनी मूळ धाडलं आणि ते परत मिळवायला आठ महिने हेलपाटे घातले.