सांगलीवर थापांचा खेळ : खरं कुठं लपवायचं?

कृष्णाकाठ: गणपतीत मंडळात बीबीसी रेडिओ ४ वरच्या 'द अनबिलीव्हेबल ट्रुथ'सारखा, थापांत लपवलेलं खरं ओळखायचा खेळ ठेवतोय, विषय सांगली. गुण कसे द्यायचे? सरावात खरं लगेच पकडलं जातंय.

मिरजकर: प्रत्येकाच्या भाषणात ५ गोष्टी खऱ्या, बाकी थापा. बझर दाबून खरं पकडलं तर १ गुण, थापेवर दाबला तर १ वजा. निसटलेल्या प्रत्येक सत्याचा गुण बोलणाऱ्याला. वजा गुण काढू नका, नाहीतर लोक वाक्यावाक्याला बझर दाबत बसतील.

हळदपेठ: पकडलं जातंय कारण सन-आकडे फक्त खऱ्या वाक्यांत येतात. थापांतही घाला. '१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं' हे इथं शेंबडं पोरही ओळखेल. त्यापेक्षा 'हरिपुरात हळद जमिनीत पुरून ठेवायचे' घ्या. पेवं (साठवणीचे जमिनीतले खड्डे) खरीच, पण नव्या पोरांना ती थाप वाटते. शेजारी पटेल अशी थाप ठेवा: 'वाळलेली हळद गुळाच्या पाण्यात बुडवायचे'. आधी एक जोरदार विनोद, आणि हशा ओसरायच्या आत पेव सरकवायचं.

मिरजकर: थापाही तपासून घ्या हो. एखादी खरी निघाली तर स्टेजवरच वाद.