मदत हवी आहे: छोट्या बारमधल्या कराओकेसाठी साउंड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. म्हापशात आमचा छोटा बार आहे. जागा साधारण २० बाय १५ फूट, खाली टाइल्स, एका बाजूला पूर्ण काच. शनिवारी कराओके सुरू करायचंय. बजेट ६० हजार.

दुकानदार १२ इंची पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेल्या) स्पीकरची जोडी घ्या म्हणतोय. मला वाटतं, एवढ्याशा जागेला ८ इंचीही पुरतील. वर घरं आहेत, त्यामुळे सबवूफर (फक्त खर्जाचा, दणदणीत बेसचा स्पीकर) नकोच.

खरी अडचण माइकची. भाड्याच्या सेटवर बघितलं, लोक हमखास माइकची जाळीच मुठीत धरतात, गाता गाता स्पीकरसमोर येतात आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. शुअरचा एसएम ५८ वायरवाला घ्यावा, की यूएचएफ (रेडिओ लहरींवर चालणारा) कॉर्डलेस? वायरवाला भरवशाचा, पण आमच्या गिऱ्हाइकांना टेबलावर बसूनच गायचं असतं. स्पीकर कुठे आणि किती उंचीवर लावले तर शिट्टी कमी होईल?

मिक्सरला इको हवाच, नवख्या गाणाऱ्याला तेवढाच धीर येतो. ट्रॅक लॅपटॉपवरून वायरनेच देणार, पण चार्जर लावला की घूं असा आवाज येतो. डीआय बॉक्सने (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची, सिग्नल जुळवणारी छोटी डबी) तो जाईल का? कुणी असा सेटअप चालवत असेल तर मॉडेलसकट सांगा, प्लीज.