रेडिओ घड्याळ सिग्नल पकडत नाहीये, स्टेशन खूप लांब आहे

प्रश्न:
माझं भिंतीवरचं घड्याळ डीसीएफ७७ वर चालणारं आहे, म्हणजे जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनचं, रेडिओवरून अचूक वेळ पाठवणारं ७७.५ किलोहर्ट्झचं स्टेशन. मी तिथून ३००० किमीच्या पलीकडे. सेल टाकला की अँटेनाचं चिन्ह थोडा वेळ लुकलुकतं आणि गायब. घड्याळ फार आवडीचं आहे, हाताने वेळ लावत बसायचं जिवावर येतं. काही उपाय?

प्रतिसाद १:
या स्टेशनची रेंज साधारण २००० किमी धरतात, पण रात्री प्रयत्न करा, दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा डी थर लहरी शोषतो आणि रात्री तो विरतो. आतली फेराइटची दांडी, म्हणजे घड्याळाची अँटेना, स्टेशनच्या दिशेला काटकोनात आडवी हवी, टोक स्टेशनकडे असेल तर काहीच येणार नाही, दांडी कशी बसवलीय ते खोलून बघाच. चार्जर, एलईडी दिवे लांब ठेवा. सेकंदाला एकच बिट (शून्य किंवा एक) येतो, मध्ये खरखर झाली की ते अख्खं मिनिट वाया.

प्रश्नकर्ता:
खिडकीत ठेवून फिरवलं, एका रात्री तीन वाजता लागलं! इतका आनंद झाला. पण नंतर दहा दिवस काही नाही.

प्रतिसाद २:
मग सिग्नल घरीच तयार करा, मी तेच केलंय. ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), वायफायवरून एनटीपीची, म्हणजे इंटरनेटवरची अचूक वेळ, एका पिनवर ७७.५ किलोहर्ट्झ, रेझिस्टर लावून तारेचे काही वेढे, घड्याळ त्याला चिकटून. दर सेकंदाच्या सुरुवातीला सिग्नलचा जोर ०.१ सेकंद पाडला की शून्य, ०.२ पाडला की एक, ५९व्या सेकंदाला पाडायचाच नाही. स्टेशन मध्य युरोपची वेळ पाठवतं, तुम्ही सरळ तुमची स्थानिक वेळ पाठवा, अर्ध्या तासाच्या फरकाचाही प्रश्न मिटतो. पॉवर मात्र वीतभर पोचेल इतकीच ठेवा, दुसऱ्याच्या रिसेप्शनमध्ये लुडबुड नको.

प्रतिसाद ३:
बोर्ड आणण्याआधी असाच सिग्नल तयार करणारं मोबाईल अ‍ॅप वापरून बघा. अशी अ‍ॅप १५.५ किलोहर्ट्झचा आवाज वाजवतात, त्याची पाचपट बरोबर ७७.५. घड्याळाला आवाज ऐकू येत नसतो, स्पीकरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दांडीला लागतं, म्हणून फोन अगदी टेकवून ठेवा.

प्रश्नकर्ता:
अ‍ॅपने नाही जमलं, बोर्डने जमलं!! पण घड्याळ बरोबर एक मिनिट मागे आहे, असं का?

प्रतिसाद २:
माझंही हेच झालं होतं. चालू मिनिटात जो कोड जातो तो पुढच्या मिनिटाची वेळ सांगतो. पाठवायच्या वेळेत ६० सेकंद वाढवा.