ब्लॅकफेस म्हणजे 'नुसता मेकअप'?

मेघना_के: काल इथे एकांनी लिहिलं की ब्लॅकफेस, म्हणजे काळ्या माणसांची नक्कल करायला तोंड काळं रंगवणं, हा त्या काळचा मेकअप, अमेरिकेतला विनोदी नट बर्ट विल्यम्स स्वतः काळा असून तोंड रंगवायचा, मग अपमान कसला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. अहो, तो मुळात उजळ रंगाचा, बहामात जन्मलेला, जाळलेल्या बुचाची काजळी फासल्याशिवाय त्याला स्टेजच मिळत नव्हतं! 1910 ला न्यूयॉर्कचा बडा निर्माता झिगफेल्ड याच्या शोमध्ये गोऱ्यांच्या बरोबरीने उभा राहिला तोही तसाच रंगवून. दुसरं दारच उघडं नव्हतं त्याला, आणि तुम्ही म्हणता त्याची हरकत नव्हती.

सदू_गिरगाव: ते लिहिणारा मीच. सगळंच वाईट कसं? शाळेत आम्ही 'ओ सुझाना' हे अमेरिकन गाणं बेंबीच्या देठापासून म्हणायचो, तेही तोंड काळं रंगवून केलेल्या मिन्स्ट्रेल शोंमधलं. बँजो तर मिन्स्ट्रेलवाल्यांनीच घरोघरी नेला.

तारवाला: नेला, पण आणला कुणी? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो बनवला. 1843 ला न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स उभे राहिले, चौघं गोरे, तोंडं काळी, आणि त्यातल्या एकाच्या हातात हाच बँजो.

सदू_गिरगाव: आमच्या गणपतीत बेंजो वाजतो, त्याचा कुठे अपमान होतो?

तारवाला: तो बेंजो वेगळा हो! बटणं दाबून वाजतो तो, मूळचा जपानी ताइशोगोतो.

सदू_गिरगाव: मला शिकवू नका. वडील तीस वर्षं बेंजो वाजवायचे, मिरवणुकीहून आले की डाव्या हाताची बोटं सुजलेली असायची, आई कोमट पाण्यात मीठ टाकून द्यायची. जपानी म्हणे!

तारवाला: वडिलांबद्दल एक शब्द बोललो नाही मी. वाद्याबद्दल बोलतोय, उगाच चिडू नका.

एडिसनकर: बेंजो राहू द्या जरा. आमच्या इथल्या मंडळाच्या नाटुकल्यात एका पोराला काळं फासून कुरळा विग घालून आणला, लोक हसत होते. मुलीची मैत्रीण आली होती, काळी, नऊ वर्षांची. समोसा तसाच प्लेटमध्ये ठेवून ती कोपऱ्यात जाऊन जॅकेट घालायला लागली. मी कमिटीला बोललो तर म्हणे अमेरिकेत राहून फार नाजूक झालात.

मेघना_के: हेच! 'जिम क्रो' हे 1830 च्या आसपास टी. डी. राइस या गोऱ्या नटाने तोंड रंगवून नाचवलेलं पात्र, आणि पुढे काळ्यांना वेगळ्या डब्यात बसवणारे कायदे त्याच नावाने ओळखले गेले. मेकअप पुसला तरी नाव राहिलं ना.

सदू_गिरगाव: बरं, विल्यम्सचं उदाहरण चुकलं माझं. त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं. पण 'ओ सुझाना' मी सोडणार नाही.

तारवाला: सोडा कोण म्हणतंय, कुठून आलं ते नातवंडांना सांगा. आणि वडिलांचं एखादं रेकॉर्डिंग असेल तर टाका, ऐकायचंय मला.

सदू_गिरगाव: कॅसेट आहे एक. शोधतो.